एक तारा धरा: मराठवाड्यात राहून ताऱ्यांचं भौतिकशास्त्र कसं शिकावं

बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "सर, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. मला ताऱ्यांचं भौतिकशास्त्र आणि निरीक्षणाचं तंत्र शिकायचं आहे. आमच्या कॉलेजात दुर्बीण नाही, खगोलशास्त्राचा वेगळा पेपरही नाही. मोठी दुर्बीण नसताना निरीक्षण शिकता येतं का? आतापासून काय अभ्यास करू? घरचे म्हणतात, यात नोकरी कुठे आहे?"

बाळा, दुर्बिणीवाचून निरीक्षण शिकता येतं, आणि माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष दुर्बिणीवाचूनच शिकावं. मी परभणीत सव्वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय. माझी पीएच.डी. रूपविकारी ताऱ्यांवर, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्यांवर झाली. इतक्या वर्षांत खगोलशास्त्राची आवड असलेली पुष्कळ मुलं भेटली. त्यातली बरीचशी कृष्णविवरांवर तासभर बोलू शकायची. एका ताऱ्याचं तेज स्वतः मोजून, त्या मोजमापात किती चूक असू शकते हे सांगणारी मुलं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुढे टिकली ती हीच.

म्हणून तुला एकच तारा देतो. त्याचं नाव डेल्टा सेफी. आपल्याकडच्या नावांप्रमाणे तो वृषपर्वा तारकासमूहात येतो. दसरा-दिवाळीच्या दिवसांत रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभी राहा. ध्रुव आपल्याकडून बराच खाली, क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर दिसतो. उजवीकडे शर्मिष्ठेचे पाच तारे ओळखू येतील. तिच्या डावीकडे उतरत्या छपराच्या घरासारखा जो फिकट आकार दिसतो, तो वृषपर्वा. या घराच्या ध्रुवापासून लांब असलेल्या कडेला तीन ताऱ्यांचा एक बारका त्रिकोण आहे: डेल्टा, एप्सिलॉन आणि झीटा. ताऱ्याचं तेज ज्या आकड्यात मोजतात त्याला प्रत म्हणतात. झीटाची प्रत ३.४ आणि एप्सिलॉनची ४.२. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे तुला ठाऊक असेलच. ही दोघं डोळ्याला जाणवेल इतकी बदलत नाहीत. डेल्टा मात्र साधारण ३.५ ते ४.४ या प्रतींमध्ये वरखाली होतो आणि ५.३७ दिवसांनी पुन्हा जागेवर येतो.

रोज रात्री गच्चीवर किंवा माळवदावर जायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: डेल्टा आज झीटाच्या जवळचा वाटतो की एप्सिलॉनच्या? दोघांमधल्या तेजाच्या अंतराचे मनात चार भाग कर. डेल्टा झीटापेक्षा एक भाग मंद वाटला, तर फरक ०.८ चा चौथा हिस्सा, म्हणजे ०.२, आणि आजची प्रत ३.६. वहीत तारीख, वेळ, प्रत, आकाश कसं होतं एवढं लिहायचं आणि खाली यायचं. कालची नोंद आज उघडून बघायची नाही. कालचा आकडा डोळ्यांसमोर असला की डोळा त्याच्याकडे झुकतो. निरीक्षकाचा कल ही चूक सगळ्यांत लवकर शिरते आणि सगळ्यांत उशिरा सापडते.

१७८४ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या जॉन गुडरिकने या ताऱ्याचं बदलणं असंच नुसत्या डोळ्यांनी शोधलं. तो बहिरा होता आणि वय विशीचं. त्याच्या आदल्या दोन वर्षांत त्याने ययातीमधल्या अल्गोल ताऱ्याचं दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावणं मोजून दाखवलं होतं, आणि एखादा गडद पदार्थ अल्गोलसमोरून जात असावा असं एक कारणही सुचवलं होतं. एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्याजवळ जे होतं ते तुझ्याजवळ आहे, शिवाय तुझं आकाश यॉर्कच्या आकाशापेक्षा कितीतरी जास्त रात्री मोकळं असतं. आपण पावसाला तरसणारी माणसं. पण पाऊस परतला की कार्तिकापासून पुढे चार-पाच महिने जे आकाश मिळतं ते निरीक्षकाने मागून घ्यावं असं. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, गावाबाहेरच्या शेतआखाड्यावर आजही आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांना दिसतो. गावागावांत हायमास्टचे दिवे लागलेत, पण त्यांच्याकडे पाठ करून एखाद्या भिंतीच्या आडोशाला उभं राहिलं तरी चौथ्या प्रतीचा तारा हरवत नाही.

चाळीस रात्रींच्या नोंदी जमल्या की बैस. दिवसांविरुद्ध प्रत असा आलेख काढलास तर ठिपके विखुरलेले दिसतील, घाबरू नकोस. आता प्रत्येक नोंदीच्या वेळेतून पहिल्या नोंदीची वेळ वजा कर, ५.३७ ने भाग आणि फक्त अपूर्णांक ठेव. हा अपूर्णांक म्हणजे कला. लांब रिबीन पेन्सिलीभोवती गुंडाळावी तसे सगळे दिवस एका फेरीवर येऊन बसतात. विखुरलेल्या ठिपक्यांतून एक वक्र वर येतो: तेज चढायला दीड दिवस, उतरायला जवळपास चार दिवस. एका विद्यार्थ्याने हा आलेख माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्या ठिपक्यांत दहाव्या हिश्शाच्या प्रतीची थरथर होती, तरी ती तिरकी चढ-उतरण स्पष्ट होती. छापील पुस्तकात पाहिलेला वक्र आणि स्वतःच्या वहीतून निघालेला वक्र यांच्यात काय फरक असतो, ते त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

आवर्तकाल मी तुला सांगून टाकला, पण तू तो स्वतः काढ. साठ दिवसांत अकरा फेऱ्या होतात. पहिल्या आणि शेवटच्या शिखराची वेळ ठरवताना मिळून अर्ध्या दिवसाची चूक झाली, तरी ती अकरा फेऱ्यांत वाटली जाते आणि एका फेरीमागे तासाभराची उरते. जास्त दिवस मोजलं की आवर्तकाल जास्त नेमका का मिळतो, हे यातून आपोआप कळतं. त्रुटींचा सिद्धांत आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये शेवटच्या पानावर घाईने भरला जातो. खगोलशास्त्रात तो पहिल्या पानावर असतो.

हाच तारा आता वर्गात ने.

१९१२ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी लहान मॅगेलनी मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या पंचवीस ताऱ्यांवरून दाखवलं की अशा ताऱ्यांचा आवर्तकाल जितका मोठा तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. डेल्टा सेफीच्या ५.३७ दिवसांवरून त्याची निरपेक्ष प्रत, म्हणजे तारा दहा पार्सेकवर ठेवला तर दिसेल ती प्रत, सुमारे उणे ३.४ निघते. (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं.) तुझ्या वहीतली सरासरी प्रत ३.९५ च्या आसपास येईल. दोघांतला फरक ७.३५. दृश्य प्रतीतून निरपेक्ष प्रत वजा केली की ती अंतराच्या लॉगॅरिदमच्या पाचपटीतून पाच वजा केल्याइतकी असते. अंतर पार्सेकमध्ये धरायचं. गणित केलंस तर २९५ पार्सेक येतील. खरं अंतर साधारण २७० पार्सेक, म्हणजे नऊशे प्रकाशवर्षांच्या जरा अलीकडे. तुझं उत्तर जास्त का आलं? मधल्या धुळीने ताऱ्याचं तेज सुमारे पाव प्रतीने खाल्लं आणि तू त्याला होता त्याहून लांब समजलीस. पाव प्रतीची ही दुरुस्ती केलीस की उत्तर २६० च्या थोडं पुढे येतं. माळवदावरून, एकही पैसा न खर्चता, नऊशे प्रकाशवर्षं अंतर दहा टक्क्यांच्या आत मोजता येतं. आणि उरलेल्या फरकातून तारकांमधल्या धुळीची ओळखही होते.

पुढचा प्रश्न जास्त खोल आहे: हा तारा श्वास घेतल्यासारखा का फुगतो आणि का आक्रसतो? इथे आपले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा भेटतात. साहांनी १९२० मध्ये दिलेलं समीकरण सांगतं की एखाद्या तापमानाला आणि दाबाला किती अणू आपले इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतील. डेल्टा सेफीच्या बाह्य थरात एका खोलीवर हीलियम आपला दुसरा इलेक्ट्रॉन गमावण्याच्या उंबरठ्यावर असतो. थर दबला की मिळालेली ऊर्जा तापमान वाढवण्याऐवजी इलेक्ट्रॉन सोडवण्यात खर्ची पडते, थराची अपारदर्शकता वाढते आणि आतून येणारी उष्णता अडते. अडलेली उष्णता थराला बाहेर ढकलते. थर पसरला की इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परततात, अपारदर्शकता घटते, उष्णता निसटते आणि थर खाली येतो. कुकरच्या शिट्टीसारखी ही झडप लाखो वर्षं चालू राहते. फक्त बहुतेक ताऱ्यांमध्ये हा थर योग्य खोलीवर नसतो, म्हणून बहुतेक तारे असे स्पंदत नाहीत. आपला सूर्य या झडपेने स्पंदत नाही, याचं कारणही हेच.

साहांचं समीकरण तुला सांख्यिकीय भौतिकीच्या पेपरात भेटेल. परीक्षेपुरतं पाठ करू नकोस. एक गणित आजच करून बघ. हायड्रोजनचा अणू दुसऱ्या पातळीवर असला तरच तो वर्णपटात दिसणाऱ्या बामर रेषा शोषतो, आणि त्या पातळीवर जायला १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५,७७२ केल्विन. कोणत्या तापमानाला किती अणू वरच्या पातळीवर असतात हे बोल्ट्झमनचं सूत्र सांगतं. त्यात आकडे घाल: शंभर कोटी अणूंपैकी पाचच दुसऱ्या पातळीवर निघतात. आता तापमान १०,००० केल्विन घे: लाखात जवळपास तीन. प्रमाण हजारो पटींनी वाढलं. म्हणून अभिजित किंवा व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत असतात आणि सूर्याच्या वर्णपटात त्यामानाने बारीक. तापमान आणखी वाढवलं तर रेषा पुन्हा पुसट होतात, कारण साहांच्या समीकरणाप्रमाणे हायड्रोजनचे इलेक्ट्रॉनच निघून जातात, रेषा उमटवायला अणू उरत नाहीत. साहांच्या याच सूत्राच्या आधाराने सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे बहुतांशी हायड्रोजनचे आहेत. तेव्हाच्या मोठ्या लोकांना ते पटलं नव्हतं. काही वर्षांनी मानावं लागलं.

म्हणजे तुला आता काय वाचायचं ते दिसलं असेल. उष्मागतिकी, सांख्यिकीय भौतिकी, क्वांटम यांत्रिकी, विद्युतचुंबकी: तुझ्याच अभ्यासक्रमातले चार पेपर. ताऱ्यांचं भौतिकशास्त्र म्हणजे हे चार विषय एकाच भांड्यात शिजवणं. वेगळा खगोलशास्त्राचा पेपर बी.एस्सी.ला नाही याचं मला दुःख आहे, पण तो नसल्याने तुझं फार अडत नाही. हे चार विषय कच्चे राहिले तर मात्र पुढे फार अडतं. त्यात वायूचा दाब आणि गुरुत्व यांचा तोल नीट समजून घे. एक गोष्ट तर पहिल्यांदा कळली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती: ताऱ्याने ऊर्जा गमावली की तो थंड होत नाही, तापतो. चहाचा कप ऊर्जा गमावून गार होतो. तारा ऊर्जा गमावतो तेव्हा थोडा आक्रसतो, आक्रसताना गुरुत्वाची जी ऊर्जा मोकळी होते तिचा अर्धा भाग प्रकाश म्हणून निघून जातो आणि अर्धा भाग ताऱ्याला तापवतो. याला व्हिरियल प्रमेय म्हणतात. गर्भाचं तापमान असं वाढत वाढत दीड कोटी केल्विनच्या घरात गेलं की हायड्रोजन पेटतो आणि तारा सूर्यासारखा हजार कोटी वर्षं स्थिरावतो. ताऱ्याचा सगळा जन्म-मरणाचा प्रवास या एका विधानात दडलेला आहे. ते तू कागदावर सिद्ध कर. चार ओळी लागतात.

आता उपकरणांकडे येऊ. पुढच्या वर्षी एखाद्या नातेवाइकाचा किंवा लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या माणसाचा डीएसएलआर कॅमेरा आणि ट्रायपॉड मिळाला, तर डोळ्याची दहाव्या हिश्शाची चूक तू पन्नासाव्या हिश्शावर आणू शकतेस. ५० मिलिमीटरची लेन्स, पाच-दहा सेकंदांचं एक्स्पोजर, आणि फोकस मुद्दाम किंचित बिघडवायचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलवर पसरतो आणि एखादा पिक्सेल भरून वाहत नाही. फोटो रॉ स्वरूपातच ठेवायचे. कॅमेऱ्याने सुंदर केलेला फोटो मोजमापाला निरुपयोगी. हिरव्या पिक्सेलचा आकडा खगोलशास्त्रातल्या व्ही फिल्टरच्या, म्हणजे हिरवा-पिवळा प्रकाश तेवढा आत सोडणाऱ्या काचेच्या, बराच जवळ असतो. लेन्सचं झाकण लावून तेवढ्याच वेळाचे दहा-पंधरा डार्क फोटो घ्यायचे, आणि संध्याकाळी एकसारख्या उजेडाच्या आकाशाचे फ्लॅट. डार्क वजा करायचे, फ्लॅटने भागायचं. मोठ्यातल्या मोठ्या वेधशाळेत सीसीडी कॅमेऱ्यावर रोज रात्री हेच होतं. फरक कॅमेरा थंड ठेवण्याचा आणि आरशाच्या आकाराचा.

कॅमेऱ्याची चूक कुठून येते? प्रकाश कणाकणाने येतो. ताऱ्याचे १०,००० फोटॉन मोजले तर त्यात वर्गमुळाएवढी, म्हणजे शंभराची, अनिश्चितता असतेच. ती एक टक्का, साधारण ०.०१ प्रत. हे टाळता येत नाही, फोटॉन वाढवूनच कमी होतं. मोठा आरसा कशासाठी हवा, याचं खरं उत्तर हे. लोक विचारतात, दुर्बीण किती पट मोठं दाखवते? दुर्बीण किती फोटॉन गोळा करते, हे विचारायला हवं.

वातावरणाचं मोजमाप विसरू नकोस. स्वच्छ रात्रीही डोक्यावरच्या हवेतून येताना तारा पाव प्रतीच्या आसपास मंदावतो. क्षितिजापासून तीस अंशांवर असेल तर हवेची जाडी दुप्पट आणि मंदावणंही दुप्पट. चैत्र-वैशाखात आपल्याकडे धुळीची धुंदी असते तेव्हा याहून जास्त. म्हणूनच तुलनेचे तारे जवळचे घ्यायचे. झीटा आणि एप्सिलॉन डेल्टापासून तीन अंशांच्या आत आहेत, तिघांनाही हवा जवळपास सारखीच खाते, म्हणून फरक शिल्लक राहतो तो ताऱ्याचा.

आणि घड्याळ. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. विद्यार्थी असताना एका वेधशाळेत मला पहिल्यांदा दोन रात्री मिळाल्या होत्या. एकमेकांभोवती फिरणारे आणि एकमेकांना झाकणारे दोन तारे होते, त्यांच्या पिधानाची नेमकी वेळ काढायची होती. दोन्ही रात्री आकाश काचेसारखं. वक्र इतका देखणा आला की मी घरी पत्र लिहिलं. महिन्याभराने ध्यानात आलं की कॉम्प्युटरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं, आणि नेमकं किती मागे होतं हे मी त्या रात्री तपासलेलंच नव्हतं. त्या जोडीचा आवर्तकाल वर्षावर्षाला काही सेकंदांनी सरकतोय का, हे पाहायचं होतं. सात मिनिटांच्या गोंधळात त्या दोन रात्री वाया गेल्या. तेव्हापासून निरीक्षणाआधी आणि नंतर घड्याळ जुळवून वहीत नोंदवल्याशिवाय मी झाकण उघडत नाही. तूही भारतीय वेळ लिहीत असशील तर तसं स्पष्ट लिही. जागतिक वेळ तिच्या साडेपाच तास मागे. खगोलशास्त्रात दिवस मोजायला ज्युलियन दिनांक वापरतात. तो ग्रिनिचच्या दुपारी बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. आपली आख्खी रात्र एकाच दिनांकात बसते, ही आपल्यासाठी सोय. आणि जिथे मिनिटं महत्त्वाची असतात तिथे पृथ्वी सूर्याच्या कोणत्या बाजूला आहे तेही बघावं लागतं, कारण तेवढ्याने प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं? तेव्हा दुसऱ्याच्या दुर्बिणीने मोज. युरोपच्या गाया उपग्रहाने दीडशे कोटींच्या आसपास ताऱ्यांची अंतरं आणि गती मोजून ठेवल्यात आणि तो सगळा साठा सर्वांना मोफत खुला आहे. त्याचा तिसरा मोठा संच जून २०२२ मध्ये आला. कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर आणि पायथन पुरे. कृत्तिकेच्या मध्यापासून दोन अंशांतले तारे उतरव. हजारो निघतील, बहुतेक पुढचे किंवा मागचे. आता पराशय, म्हणजे पॅरलॅक्स, ७ ते ७.७ मिली-आर्कसेकंद असलेलेच ठेव. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढ्या बारीक कोनात सरकलेला दिसतो तो पराशय; तारा जितका लांब तितका तो लहान. मग आकाशात वर्षाला पूर्वेकडे साधारण २० आणि दक्षिणेकडे ४५ मिली-आर्कसेकंद सरकणारे ठेव. जे काही शे तारे उरतील ते खरे कृत्तिकेचे, एकाच ढगातून जन्मलेले. रंगाविरुद्ध तेज असा आलेख काढ. गाळण्याआधी जिथे नुसता ढिगारा होता तिथे एक बारीक, वाकलेली रेघ उभी राहते, निळ्या तेजस्वी ताऱ्यांपासून तांबड्या मंद ताऱ्यांपर्यंत. हेच पुष्य नक्षत्रातल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गुच्छासाठी कर. त्याचा पराशय ५.३ च्या आसपास. तिथे रेघेचं वरचं निळं टोक गायब झालेलं दिसेल आणि बाजूला चार-पाच तांबडे राक्षसी तारे बसलेले. मोठे तारे लवकर जळून संपतात. कृत्तिका दहा-बारा कोटी वर्षांची, पुष्यातला गुच्छ साठ-सत्तर कोटींचा. दोन आलेख एकमेकांवर ठेवून ताऱ्यांचं वय सांगता येतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आजोबांना विचार, ते मृगाचा, आर्द्राचा पाऊस सांगतील. त्या दिवसांत सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून जूनमध्ये मृग दिसत नाही, पौष-माघात डोक्यावर येतो. आर्द्रा म्हणजे मृगाच्या खांद्यावरचा तांबडा तारा, काक्षी. २०१९ च्या अखेरीस तो मंदावत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची प्रत १.६ पर्यंत उतरली. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून बनलेल्या धुळीने त्याचा काही भाग झाकला होता. त्या घसरणीच्या नोंदींत जगभरच्या हौशी निरीक्षकांनी डोळ्यांनी केलेल्या नोंदीही होत्या. अमेरिकेतली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना, आव्सो (AAVSO), १९११ पासून अशा नोंदी जमवते. तुझ्या वहीतल्या डेल्टा सेफीच्या नोंदीही तिथे पाठवता येतात.

आता कुठे जायचं. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. भौतिकशास्त्र, त्यासाठी जाम आणि सीयूईटी या प्रवेश परीक्षा. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ ही जवळची ठिकाणं. एम.एस्सी. चांगली झाली तर ती कुठून झाली याने दार बंद होत नाही. पुढे पीएच.डी.साठी जेस्ट, नेट, गेट या परीक्षा. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था १९८८ मध्ये विद्यापीठांसाठीच स्थापन झाली, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना तिथे सहयोगी म्हणून जाता येतं, तेव्हा तुझे सर किंवा मॅडम आधी तिथे जाऊन आले आहेत का ते विचार. अशा शिक्षकाचा हात धरून जाणं सोपं पडतं. उन्हाळी सुट्टीतल्या विद्यार्थी प्रकल्पांच्या जाहिराती हिवाळ्यातच येतात, तिकडे लक्ष ठेव. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची २ मीटरची दुर्बीण आहे, खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटर, लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर २ मीटर. हानलेची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाद्वारे चालवतात. या दुर्बिणींवर वेळ मिळतो तो अर्ज लिहून: कोणता तारा, का, किती फोटॉन लागतील, किती वेळ लागेल, चूक किती राहील. आत्ता माळवदावर जे करणार आहेस त्याचाच तो मोठा कागद.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र उभं राहतंय, हे तुला ठाऊक आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांतून मरून गेलेल्या ताऱ्यांच्या टकरी ऐकायच्या. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या यंत्रांनी पकडली आणि मग जगभरच्या दुर्बिणींनी तिचा प्रकाश शोधला. भारतातलं यंत्र चालू झालं की अशा टकरी आकाशात नेमक्या कुठे झाल्या ते ठरवणं बरंच सुधारेल. तिथे लेसर, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स, सिव्हिल आणि डेटा यांची माणसं लागणार आहेत. मला मनापासून वाटतं की त्यात आपल्या मराठवाड्याची मुलं-मुली असाव्यात, फाटकावर पहाऱ्याला नव्हे, नियंत्रण कक्षात.

घरच्यांना खोटं आश्वासन देऊ नकोस. खगोलशास्त्रातल्या कायम नोकऱ्या देशात थोड्या आहेत आणि तिथवर पोचायला एम.एस्सी.नंतर सात-आठ वर्षं सहज जातात. पण या वाटेवर पायथन, आकडेवारी, इलेक्ट्रॉनिक्स आणि नेमकं लिहिणं हातात येतं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही आज हवामानाच्या, काही बँकेच्या डेटावर काम करतात, बरेच शिक्षक झाले. रिकामा कुणी बसला नाही. आईला रात्रीची काळजी वाटत असेल तर तिलाही माळवदावर ने. सुरुवातीला मंद तारा बघायला चार डोळे असलेले बरे. तिची नोंद वेगळ्या रकान्यात लिही, दोघींच्या नोंदींतला फरक हा तुझा पहिला त्रुटीचा अंदाज.

शंभर पानी वही घे, पेन्सिलीने लिही, दवाने शाई पसरते. टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळ. ढग असतील त्या रात्रीही तारीख टाकून "ढग" एवढं लिही, म्हणजे नोंद राहून गेली की आकाश नव्हतं हे नंतर कळेल. चाळीस नोंदी झाल्या की आलेख काढायच्या आधी वहीचे फोटो मला पाठव.